या, बसा ना

भाऊजींनी पुन्हा एकदा चुकून ते बटण दाबलं.

खोलीबाहेरचा दिवा लाल झाला, भोंगा केकाटला, आणि दोन नर्स, एक निवासी डॉक्टर, ऑक्सिजनचं नळकांडं आणि ते ढकलत धापा टाकणारे एक पोक्त वॉर्डबॉय असा सगळा लवाजमा दारातून आत घुसला. पलंगावर ताई मांडी घालून शब्दकोडं सोडवत बसली होती. तिने चष्म्यावरून सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं.

"काही नाही हो," ती म्हणाली. "यांना पंखा वाढवायचा होता."

"त्याच्यावर लिहायला नको का काही?" भाऊजी म्हणाले.

नर्सने बटणाखाली बोट ठेवलं. तिथे भल्यामोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'फिट आली तरच दाबा'. भाऊजींचं स्वतःचं चष्म्याचं दुकान होतं.

लवाजमा परत गेला. जाताना वॉर्डबॉय नळकांड्याला उद्देशून काहीतरी पुटपुटले. खिडकीपाशी उभ्या असलेल्या सरांनी भिंतीवरच्या पडद्याकडे एक नजर टाकली. पडद्यावर ताईच्या मेंदूच्या रेषा एकीखाली एक अशा संथ वाहत होत्या. शब्दकोडं सोडवणाऱ्या माणसाचा मेंदू. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, आणि नेमकी तीच अडचण होती.

ताईच्या डोक्याला पांढरी पट्टी गुंडाळलेली होती आणि पट्टीतून निघालेल्या रंगीबेरंगी वायरी मागे वेणीसारख्या वळून एका डब्यात शिरत होत्या. छताला कॅमेरा होता. तो चित्र टिपायचा आणि आवाजही. ताईच्या गोळ्या आठवडाभर बंद होत्या, झोप मोजकीच दिली जात होती. हे सगळं कशासाठी, तर तिला फिट यावी म्हणून. फिट आली की ती मेंदूत नेमकी कुठून उठते ते कळणार, ते कळलं की सर्जनबाई तेवढाच तुकडा काढणार, आणि तुकडा गेला की फिट जाणार. म्हणजे फिट कायमची जावी म्हणून ती आधी यायला हवी होती, आणि ती काही येत नव्हती.

"इतकी वर्षं हे पाहुणे न बोलावता आले," ताई म्हणाली. "कुणाच्या साखरपुड्यात, बँकेच्या रांगेत, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना. आता पलंग अडवून बसलेय तर भाव खातायत."

पलंगाची मुदत शुक्रवारी दुपारपर्यंत होती. नंतर तो दुसऱ्या कुणाला द्यायचा होता, आणि त्या कुणाच्या मागे आणखी कुणीतरी होतं. आज शुक्रवार होता.

"येतील गं," सर म्हणाले.

"तुझं काय जातं बोलायला, बाळ्या?"

सरांना सगळा विभाग सर म्हणायचा. परदेशातून येणारी पत्रं त्यांना त्याहून लांबलचक काही म्हणायची. पन्नाशी उलटून गेलेल्या, चंदेरी दाढीच्या या माणसाला बाळ्या म्हणणारी आता पृथ्वीवर एकच व्यक्ती उरली होती, आणि तिच्या डोक्यातून वायरी निघालेल्या होत्या.

सर डॉक्टर होते, पण औषध देणारे नव्हेत. नातेवाइकांना हा फरक कधीच पटला नाही. लग्नाकार्यात लोक जेवण झाल्यावर सरांना बाजूला घेऊन गुडघा दाखवायचे. सर नम्रपणे सांगायचे, "मी मेंदूतल्या विजेचा अभ्यास करतो." मग लोक म्हणायचे, "हो ना, गुडघ्यातही अगदी करंट मारल्यासारखं होतं."

पण हा अभ्यास त्यांनी का धरला, ते मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. बहिणीसाठी. हे वाक्य इतक्यांदा छापून आलं होतं, की ते सरांच्या पदवीचाच भाग झालं होतं. सत्कार असला की ताई पहिल्या रांगेत बसायची. वक्ता तिच्याकडे हात करायचा, सभागृह मान वळवून तिच्याकडे बघायचं आणि बघतच राहायचं, जणू आता प्रात्यक्षिक होणार आहे. एकदा ताई उठून म्हणाली होती, "आज नाही हो, आज बरं वाटतंय." लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

सुरुवात खरंच तिच्यापासून झाली होती. ताई तेव्हा मोठ्या शाळेत होती आणि बाळ्या पहिलीत. दोघं जेवायला बसले होते. ताईने घास हातात ठेवून उघड्या दाराकडे पाहिलं आणि हसून, अतिशय अदबीने म्हणाली, "या, बसा ना." बाळ्याने दाराकडे पाहिलं. दारात कुणीही नव्हतं. पण बाळ्या आज्ञाधारक मुलगा होता. तो उठला, कोपऱ्यातलं स्टूल आणून त्याने दारापाशी मांडलं आणि मागे वळून पाहिलं, तर ताईचे हात हवेत काहीतरी चाचपडत होते, ओठ चुटपुट वाजत होते, आणि डोळ्यांत ताई नव्हती.

त्यानंतर दर वेळी तेच. आधी दाराकडे बघून "या, बसा ना", मग हात, मग ओठ, मग मिनिटभर कुणीच नाही. शुद्धीवर आल्यावर तिला काहीच आठवत नसे. घरात फिट हा शब्द कुणी काढायचा नाही असं ठरलं, म्हणून 'पाहुणे' हा शब्द आला. आज पाहुणे आले होते. काल दोनदा येऊन गेले. लग्नानंतर भाऊजींनीही तो उचलला. ताईला वाटायचं, न सांगता येतात म्हणून पाहुणे. ती काय बोलते ते तिला सांगायचं नाही, अशी आईची सक्त ताकीद होती. "लाज वाटेल तिला," आई म्हणाली होती. आई गेली, ताकीद राहिली.

आणि न्हाणीघराची कडी गेली ती तेव्हाच. वडिलांनी स्क्रू काढून ती कुठेतरी ठेवून दिली. आत पाहुणे आले तर दार उघडता यायला हवं. तेव्हापासून ताईने आयुष्यात कधी कडी लावून अंघोळ केली नव्हती, माहेरी नाही आणि सासरीही नाही. ती आत गेली की मोठ्याने गायची. गाणं चालू म्हणजे सगळं ठीक, गाणं थांबलं की बाहेरच्याने धावायचं. ताईला गाण्याची आवड नव्हती आणि गळाही बेताचा होता. गाणी संपली की ती पाढे म्हणायची. वरच्या मजल्यावरच्या दोन मुलांचा एकोणतीसचा पाढा ताईच्या अंघोळीमुळे पक्का झाला होता.

ऑपरेशनला ती तयार झाली ती त्यासाठीच. सरांनी तिला धोके सांगितले, टक्केवारी सांगितली, चित्रं काढून दाखवली. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "बाळ्या, मला एकदा कडी लावून, तोंड बंद ठेवून अंघोळ करायचीय. होईल का तेवढं?"

"होईल," सर म्हणाले होते.

भाऊजी खालच्या कँटीनमधून चहा घेऊन आले. नियमाप्रमाणे रुग्णाला चहा झाकणाच्या, नळी असलेल्या प्लास्टिकच्या कपात द्यायचा असतो. आठवडाभर ताईने तो तसाच ओढला होता.

"आज तरी नीट कपातून पिऊ दे रे," ती म्हणाली. "तान्ह्या बाळासारखं वाटतं. तसेही ते काही येत नाहीत आता."

नर्सने सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली. सरांच्या शब्दाला त्या इमारतीत वजन होतं. ताईला चिनी मातीच्या कपात वाफाळता चहा मिळाला. भाऊजी बिस्किटं विसरले होते, ती आणायला ते पुन्हा खाली गेले. नर्सही तिच्या कामाला गेली.

खोलीत दोघंच उरले. ताईने फुंकर मारली. "आठ अक्षरी शब्द आहे. 'ज्याचं कुणी ऐकत नाही असा'. पहिलं अक्षर त."

"तज्ज्ञ?" सर म्हणाले.

"आठ अक्षरी म्हटलं ना."

सर हसून पडद्याकडे वळले. आणि तिथे ती आली.

इथे सरांच्या आयुष्याबद्दल थोडं सांगायला हवं, म्हणजे त्या संशोधनाबद्दल, कारण दोन्ही एकच होतं. सरांचं म्हणणं असं होतं, की फिट सुरू होण्याआधी काही सेकंद मेंदूत एक बारीक, भरभर चालणारी लहर उठते, इतकी पुसट की शोधणाऱ्यालाच दिसावी. तिला ते 'चाहूल' म्हणायचे. बाकीचे तिला भास म्हणायचे. कुणी म्हणे रुग्णाने दात चावले असतील, कुणी म्हणे वायर सैल झाली असेल. एका परिषदेत तर एकाने शांतपणे विचारलं होतं, की सरांच्या प्रयोगशाळेत फ्रीज आहे का, त्याच्याच विजेची खरखर रेषांत उमटत असेल. सर वर्षानुवर्षं भाषणं देत राहिले. प्रत्येक भाषणाच्या शेवटी त्यांचं एक ठरलेलं वाक्य असायचं, आणि त्यावर हमखास टाळ्या यायच्या. "ही चाहूल आपल्याला वेळेवर ओळखता आली," सर म्हणायचे, "तर आणखी काही नाही, निदान रुग्णाच्या हातातला चहाचा कप तरी आपण काढून घेऊ शकू."

पडद्यावर, उजव्या बाजूच्या रेषांमध्ये, ती उठली. ना दात, ना वायर, ना फ्रीज. बारीक टाक्याने शिवल्यासारखी स्वच्छ, भरभर, एकसारखी. आयुष्यभर ज्याचे पुसट ठसे गोळा केले, तो प्राणी अंगणात येऊन उभा राहावा तसं झालं. सर पडद्याच्या इतके जवळ गेले, की त्यांच्या श्वासाने काच धुरकटली.

"आली!" सर म्हणाले. "वा! वा, वा! आली!"

त्यांच्या पाठीमागे कुणीतरी अदबीने म्हणालं, "या, बसा ना."

मग कपाचा आवाज झाला.

*

ताई भानावर आली तेव्हा खोलीत बरीच माणसं होती आणि भाऊजींच्या हातात बिस्किटांचा पुडा होता. तिने आधी छताकडे आणि मग सरांकडे पाहिलं.

"आले होते?"

"आले होते."

"मिळालं तुला हवं ते?"

"मिळालं," सर म्हणाले.

"सुटलो बाबा." तिने डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. "हाताची आग का होतेय?"

नर्स तिच्या मनगटावर मलम लावत होती. मनगटापासून कोपराच्या दिशेने कातडी लालभडक झाली होती आणि वर फोड धरू लागला होता.

"कप सांडला," सर म्हणाले. "अगदी अचानकच झालं गं."

हे 'अचानक' कुणी मागितलं नव्हतं. सरांनी ते आपणहून दिलं होतं. जगात त्या घटकेला असा एकच माणूस होता, ज्याला ते अचानक नव्हतं.

"होतं असं," भाऊजी म्हणाले. "माझी मेली बिस्किटं. मी इथे असतो तर धरला असता कप." त्यांनी पुडा खिशात कोंबला. ते दिवसभर पडेल चेहऱ्याने वावरले. सरांनी त्यांना तसं वावरू दिलं.

संध्याकाळच्या चहाच्या वेळी सर तंत्रज्ञबाईंच्या खोलीत जाऊन बसले. या बाई निवृत्तीला आल्या होत्या आणि त्यांच्या बोटांना इलेक्ट्रोड चिकटवायच्या गोंदाचा कायमचा वास होता. त्यांनी ते चित्रण लावलं. एका बाजूला रेषा, दुसऱ्या बाजूला खोली.

रेषा अप्रतिम होत्या. खोलीत पलंगावर एक बाई कप घेऊन बसली होती आणि एक माणूस तिच्याकडे पाठ करून पडद्याला नाक लावून उभा होता. "आली!" माणूस म्हणाला. "वा! वा, वा! आली!" बाई दाराकडे बघून गोड हसली. कप कलायला लागला. तो एकदम पडला नाही. तो सावकाश कलत गेला, एखाद्याने विचार करून ओतावा तसा. माणसाची पाठ तेवढा वेळ हललीही नाही.

बाईंनी चित्रण थांबवलं. त्यांनी गोंद लागलेली बोटं चोळली.

"आवाज ठेवू की काढू, सर?" त्यांनी विचारलं. दुकानात पिशवी देऊ की नको विचारतात, तशा स्वरात.

सरांनी विचार केला. खरं तर विचार करण्यासारखं काही नव्हतं, आणि म्हणूनच ते इतका वेळ करत होते. सर्जनबाईंना आवाज लागणारच होता. फिट चालू असताना माणूस स्वच्छ बोलतो, याचा अर्थ ती भाषेच्या, म्हणजे डाव्या बाजूला उठत नाही, आणि म्हणजेच कापायला धोका कमी. ताईचं "या, बसा ना" हा तिच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा होता. आणि फिटची जागा सांगणारी ती चाहूल त्याच्या जेमतेम आधी होती, म्हणजे सुरुवातही छाटता येत नव्हती. ताईला वाचवणारं सगळं त्याच काही सेकंदांत होतं, ज्यांत सरांची पाठ होती. एखाद्याने मुद्दाम शिवलं असतं तरी इतकं घट्ट शिवलं गेलं नसतं.

"ठेवा," सर म्हणाले.

सोमवारच्या बैठकीत सर्जनबाईंनी ते चित्रण शेंगदाणे खात पाहिलं. त्या सगळंच शेंगदाणे खात पाहायच्या. "या, बसा ना" ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "उजवी बाजू. मस्त. करू या." मग त्यांनी एक शेंगदाणा बोटांत धरून विचारलं, "मध्ये ते वा-वा कोण करतंय?"

"मी," सर म्हणाले.

खोलीतले सगळे आपापल्या कागदांत बघू लागले. ज्यांच्यापुढे कागद नव्हते, ते टेबलाकडे बघू लागले. सर्जनबाईंनी शेंगदाणा तोंडात टाकला. "तिला सही करायच्या आधी दाखवा हे," त्या म्हणाल्या. "मी सगळ्यांना दाखवायला लावते. काय कापायचंय ते माणसाने एकदा बघावं."

*

ताई दुसऱ्या वॉर्डातल्या पलंगावर लॅपटॉपसमोर पदर सारखा करून बसली, जणू फोटो काढायचाय. भाऊजी तिच्या शेजारी बसले. पट्टी निघाली होती आणि गोंदाने केसांची चिपाडं झाली होती. मनगटाला आता नवी पट्टी होती.

"मी मला कधी बघितलंच नाही," ती म्हणाली. "आख्ख्या जगाने बघितलं. दाताच्या डॉक्टरनेसुद्धा."

सरांनी चित्रण लावलं. लावण्यापूर्वी त्यांनी आवाज पूर्ण खाली केला होता. हे त्यांनी ठरवून केलं नव्हतं, असं त्यांना स्वतःला सांगायला आवडलं असतं.

ताई पुढे झुकून बघत होती. "अगं बाई, हे ओठ कसे करते मी. माशासारखे." मग ती थांबली. "हे त्याच्या आधी मी काहीतरी बोलतेय का?"

"नाही, असं... आवाज नीट आला नाहीये त्यात."

"बाळ्या."

लहानपणी त्याने साखर खाऊन डबा परत ठेवला, की ती अशीच म्हणायची. पुढे काही नाही. नुसतं नाव. सरांनी आवाज वाढवला आणि चित्रण पुन्हा सुरुवातीला नेलं.

"आली! वा! वा, वा! आली!"

"या, बसा ना."

कप.

चित्रण संपलं. बाहेर व्हरांड्यात कुणाच्या तरी चपला वाजत गेल्या.

"हे मी दर वेळी म्हणते?" ताईने विचारलं.

"हो," भाऊजी म्हणाले.

"म्हणून पाहुणे?"

"हो."

"इतकी वर्षं?" तिने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. "सगळ्यांना ठाऊक. बँकेतल्या रांगेला ठाऊक. मलाच नाही."

"आई म्हणाली होती, तुला लाज वाटेल," सर म्हणाले. "पहिल्यांदा तू म्हणालीस ना, तेव्हा मी खरंच दारात स्टूल मांडलं होतं."

ताई हसायला लागली. ती खूप हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि भाऊजीही सुटल्यासारखे हसले. "स्टूल!" ती म्हणाली. "अरे, माझ्या बाळ्या रे! स्टूल!" मग पदराने डोळे पुसत तिने पडद्याकडे बोट केलं. "मागे घे जरा."

सरांनी मागे घेतलं.

"इथे थांबव. कप अजून सरळ आहे माझ्या हातात."

"हो."

"आणि तुला कळलंय."

"हो."

"किती आधी कळलं?"

"थोडेच सेकंद. पण... हो. पुरेसे."

भाऊजींनी चष्मा काढला. बिस्किटं आणायला गेल्याचा दोष ते शुक्रवारपासून अंगावर घेऊन फिरत होते. आता तो कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. शेवटी ते चष्माच पुसू लागले.

"मग तू काय करत होतास?"

सरांकडे या प्रश्नाची बरीच उत्तरं होती. त्यांतली काही तर शास्त्रीयदृष्ट्या बरोबरही होती. "बघत होतो," ते म्हणाले.

ताईने पडद्यावरच्या रेषांकडे पाहिलं. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. आपल्याच घरातली एखादी बंद खोली बाहेरून बघावी, तशी ती बघत होती.

"छान होती का?"

"काय?"

"ती लहर. तुझी."

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती आणि ती चांगली होती. सरांना ती दिसलीही. "फार छान होती, ताई," ते म्हणाले. "इतकी छान मी कधीच पाहिली नव्हती."

ताईने मान डोलावली. दुसऱ्या हाताने तिने मनगटावरची पट्टी उगाच सारखी केली.

"चला," ती म्हणाली, "निदान एकाला तरी आनंद झाला. माझ्या पाहुण्यांचं एवढं स्वागत माझ्याशिवाय कुणी केलं नव्हतं आजवर."

तिने सही केली. डाव्या हाताने, कारण उजवा दुखत होता. सही वाकडी आली आणि कारकुनाने ती नीट करून मागितली.

*

ऑपरेशन नीट झालं. पाहुणे आले नाहीत. आधी वाटलं, उशीर झाला असेल. मग ऋतू बदलला, तरी आले नाहीत. सरांचा चाहुलीवरचा लेख मोठ्या नियतकालिकाने स्वीकारला. फ्रीजबद्दल विचारणाऱ्या माणसाने आपणहून अभिनंदनाची चार ओळींची चिठ्ठी पाठवली. भाषणाचं आमंत्रण आलं. सरांनी जुनं भाषण काढलं, शेवटचं वाक्य खोडलं आणि त्या जागी दुसरं उदाहरण शोधत बसले. माणसाच्या हातात आणखी काय असू शकतं? सुरी, किटली, तान्हं मूल. काहीच बरं वाटेना. शेवटी भाषण तिथेच संपवायचं ठरलं, टाळ्यांच्या एक वाक्य आधी.

सर ताईला टाळत होते असं नाही. फोन करायचे, भाऊजींच्या दुकानात डोकावून जायचे, चष्म्याचा नंबर उगाच तपासून घ्यायचे. घरी जायचं तेवढं राहत होतं. एका रविवारी सकाळी भाऊजींचा फोन आला. "या हो आज. ती विचारत होती."

दार ताईनेच उघडलं. कानामागे केस आखूड उगवले होते, त्यातून ऑपरेशनची रेघ दिसत होती. खांद्यावर टॉवेल होता. मनगटावर कातडीचा एक गुळगुळीत, गुलाबी पट्टा उरला होता. तिने सरांकडे पाहिलं, गोड हसली आणि अतिशय अदबीने म्हणाली, "या, बसा ना."

सरांनी आधी तिचे डोळे कुठे आहेत ते पाहिलं, मग हात, मग ओठ. डोळे त्यांच्यावरच होते. हात टॉवेलवर होते. ओठ थोडे थरथरत होते, पण ते हसू दाबल्यामुळेच असावं. तसंच असावं, असं सरांनी धरलं.

दारापाशी एक स्टूल मांडून ठेवलेलं होतं.

सर त्यावर बसले. ताईने त्यांना आजवर कधी अहो-जाहो केलं नव्हतं, आणि त्यांनीही तिच्या घरी बसण्यासाठी कधी सांगण्याची वाट पाहिली नव्हती. ते थेट स्वयंपाकघरात जायचे आणि डबे उघडायचे.

"मी अंघोळीला चाललेय," ताई म्हणाली आणि आत गेली.

न्हाणीघराचं दार लागलं. मग एक आवाज आला. भाऊजींनी नवीन पितळी कडी आणली होती. ती अजून जड जात होती, दोनदा खटखटून मग बसली.

भाऊजी वर्तमानपत्र वाचत होते. सर त्यांच्याकडे पाहत राहिले. भाऊजींनी पान उलटलं नाही. आतून गाणं येत नव्हतं. पाढे येत नव्हते. काहीच येत नव्हतं. शांतता लांबत गेली, तसे सर नकळत स्टुलावरून अर्धवट उठले. भाऊजींनी वर्तमानपत्र खाली न करताच हाताने खूण केली, बसा.

आत तांब्याचा आवाज झाला. पाणी ओतल्याचा. थोड्या वेळाने पुन्हा.

भाऊजींनी थर्मासमधून चहा ओतून कप पुढे केला. सरांनी तो दोन्ही हातांनी धरला, आणि परक्या घरी बसतात तसे स्टुलाच्या कडेवर, पाठ ताठ करून, तो निवेपर्यंत तसाच धरून बसून राहिले.